दुसरं केस्क

डुलुथमध्ये नोव्हेंबर संपत आला की
सरोवरावरचा वारा
गोदामाचं शटर रात्रभर वाजवत राहतो.
लायल ब्रेकी आत उभा, हातात कात्री.
समोर सहाव्या आवृत्तीची चाळीस खोकी:
जाड पुठ्ठा, सोनेरी अक्षरं, चारशे सोळा पानं,
आणि गोदामाचं भाडं, महिन्याच्या महिन्याला, न चुकता.

एकोणतीस वर्षं त्याने एक जग विकलं.
राजांच्या वंशावळी, मिठाचे भाव,
कुठल्या खिंडीतला राक्षस कितव्या दिवशी भुकेला होतो.
लोक टेबलाभोवती बसायचे, फासे टाकायचे,
त्या खिंडीत मरायचे आणि पुढच्या शनिवारी परत यायचे.
दुकानदार म्हणायचे, जाड काढ, जाड खपतं.
मग दुकानंच उठली.
फार्गोचं, मग पुलापलीकडचं,
जिथे आता नखं रंगवून मिळतात.

मेरिबेथने वही पुढे सरकवली.
ती हिशेब बघते, ड्रॅगनचं तिला सोयरसुतक नाही.
"तीन वर्षांनी एक ठोकळा काढायचा
आणि देवावर हवाला ठेवायचा, हे पुरे झालं.
वर्गणी घे. दर महिन्याला सोळा पानं दे.
जेवढ्यांनी भरले तेवढ्याच प्रती.
वर एकसुद्धा नाही."

सोळा पानं!
सोळा पानांत लायलचा एक राजा धड मरतही नाही.

तरी पत्रं गेली. तीनशे बारा जणांनी पैसे पाठवले.
थंडर बेची ऊना केट्टुनेन, रात्रपाळीची नर्स.
ट्रकवाला ड्यूई रूड, वीस बाजूंचा फासा
डॅशबोर्डला चिकटवलेला, कायमचा सातावर.
सस्कटूनची कुणी मुलगी, जिने नावाच्या जागी लिहिलं:
ग्रंथपाल, वेदर्न मठ.
(माझ्या भाषेत फाशाचं पडतं त्यालाही दान म्हणतात.
लायलला हे कोण सांगणार.)

पैशांबरोबर कागद आले,
आणि त्या कागदांत केस्क.

पहिल्या नकाशात केस्क गाव चुकून दोनदा छापलं होतं.
एकदा नदीकाठी, हवं तिथे.
एकदा खाली, मिठागरांत,
जिथे नुसती एक रेघ हवी होती.
त्या रात्री अक्षरं चिकटवताना लायलला ताप होता.
पुढच्या प्रत्येक आवृत्तीत तो ते खोडणार होता.
प्रत्येक वेळी छापखान्याचा माणूस दारात येऊन थांबलेला.

आता ऊना लिहीत होती:
खालच्या केस्कने वरच्यांचं मीठ बंद केलंय, सात पिढ्या,
कारण वरचे म्हणतात, तुम्ही नाहीच आहात.
ड्यूईने तिथे खानावळ टाकली, दाराला कडी नसलेली.
मुलीने स्मशान आखलं. अठ्ठेचाळीस थडगी, सगळ्यांवर नावं,
शेवटचं तिच्या भावाचं.
खाली एवढंच: तो आमच्या टेबलावर डावीकडे बसायचा.

लायलने कागद उलटा केला. मागे काही नव्हतं.
बाहेर पूल वर चढला,
धान्याचं जहाज भोंगा देऊन निघून गेलं,
पूल खाली आला.

"पहिल्या अंकात काय?" मेरिबेथने विचारलं.
"खालचं केस्क."
"लेखक म्हणून तूच ना?"
एकोणतीस वर्षं कव्हरवर एकच नाव होतं, तेही मोठ्या टायपात.
"तिघं," तो म्हणाला. "आणि शब्दाला चार सेंट."
"तीन," मेरिबेथ म्हणाली.
मग कागद तिनेही वाचला, चष्मा कपाळावर नेला,
आणि वहीत चार लिहिलं.

म्हणून ही कात्री.
न खपलेल्या पुस्तकातून नकाशा कापायचा,
चुकीसकट, घडी घालून पाकिटात सारायचा.
कण्याशी कापताना पहिल्या पुस्तकाला त्याचा हात अडखळला.
दहाव्याला नाही.
पन्नासाव्याला तो शीळ घालत होता, अगदी बेसूर.

कॅनडाला तिकिटं जास्त लागतात.
मेरिबेथने तो खर्च वेगळ्या रकान्यात टाकला
आणि आणखी एक खोकं फोडलं.